उरलंच, तर कोण उरेल?

मेल्यावर काही उरतं, हे पायासी नावाच्या राजाला मान्य नव्हतं. कोसल देशातल्या सेतव्य नगरीचा हा राजा बौद्धांच्या दीघनिकायात भेटतो. तो नुसता वाद घालत बसत नाही, प्रयोग करतो, म्हणून मला तो आवडतो. मरणाला टेकलेल्या आप्तांना तो सांगून ठेवतो की स्वर्गात जा नाहीतर नरकात, पण मला येऊन कळवा. ते हो म्हणतात, मरतात, आणि एकही परत येत नाही. मग तो देहदंड झालेल्या एका चोराला रांजणात घालतो, रांजणाचं तोंड चामड्याने आणि ओल्या मातीने लिंपून घेतो आणि रांजण भट्टीवर चढवतो. चोर मेल्याची खात्री झाली की तोंड किलकिलं करून जीव बाहेर पडताना दिसतो का ते बघतो. दिसत नाही. आणखी एका चोराला तो जिवंतपणी तोलतो, गळा आवळून मारल्यावर पुन्हा तोलतो. त्या चोरांसाठी कोणी हळहळलेलं दिसत नाही. संशोधनाची नीती माणसाला फार उशिरा सुचली.

कुमार कस्सप नावाचा भिक्षू या राजाला एकामागून एक दृष्टान्त देऊन निरुत्तर करतो. घाणीच्या खड्ड्यातून वर काढून, न्हाऊमाखू घालून, रेशमी वस्त्रं नेसवलेला माणूस पुन्हा त्या खड्ड्यात उतरेल का? मग स्वर्गात पोचलेले तुझे आप्त इथे कशाला येतील? शेवटी राजा शरण जातो. माझ्या मते तो जरा घाईनेच शरण गेला. त्याने प्रयोग मांडला होता आणि त्याला उत्तर मिळालं होतं दृष्टान्ताचं. मरणोत्तर जाणिवेवरचा वाद आजही बराचसा याच जागी अडलेला आहे.

पायासीचा तराजू पुढे फार लांब जाऊन पुन्हा उगवला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हेव्हरिल नावाचं गाव आहे. तिथल्या डंकन मॅकडुगल या डॉक्टरने मरणपंथाला लागलेल्या सहा रुग्णांचे पलंग काट्यावर ठेवले आणि १९०७ साली आपले निष्कर्ष छापले. एका रुग्णाचं वजन मृत्यूच्या क्षणी पाऊण औंसाने, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमनी उतरलं. उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात आणि दोन तर त्याने स्वतःच बाद केले. मग त्याने पंधरा कुत्री तोलली. त्यांचं वजन उतरलं नाही, म्हणून बिचाऱ्या कुत्र्यांना आत्मा नाही असं ठरलं. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असतं ही समजूत एवढ्या एका रुग्णावर उभी आहे, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी ती आरामात फिरते आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र खरोखरच एक नवी गोष्ट घडली. बंद पडलेलं हृदय छाती दाबून, विजेचा झटका देऊन पुन्हा चालू करता येऊ लागलं. कोणी परत येऊन सांगत नाही, ही पायासीची तक्रार निम्मी तरी मिटली, कारण आता माणसं परत येऊन सांगू लागली. १९७५ साली रेमंड मूडी यांच्या ‘लाइफ आफ्टर लाइफ’ या पुस्तकाने त्यांच्या हकिकती घरोघरी पोचवल्या: अंधारा बोगदा, पलीकडे प्रकाश, गेलेले आप्त, छताजवळून दिसणारं आपलंच शरीर. २००१ साली नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दहा इस्पितळांतल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास छापला. हृदय बंद पडून जगलेल्या या रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा काही अनुभव सांगितला. व्हॅन लोमेल यांचा प्रश्न रास्त होता. हा सगळा प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूचा खेळ असेल, तर तो कमी तर सगळ्यांनाच पडला होता. मग अनुभव एवढ्या थोड्यांनाच का?

सॅम पार्निया या डॉक्टरांनी याच्या पुढे जाऊन पायासीला शोभेल अशी युक्ती केली. इस्पितळांच्या खोल्यांत उंचावर फळ्या ठोकल्या आणि फक्त छताकडून बघणाऱ्यालाच दिसतील अशी चित्रं त्यांवर ठेवली. जाणीव खरंच शरीराबाहेर पडून वर तरंगत असेल, तर तिने चित्र ओळखावं. २०१४ साली निकाल आला. हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना, त्यातून वाचलेले ३३०, मुलाखत देऊ शकलेले १४०. वरून सगळं बघितल्याचं, ऐकल्याचं स्पष्टपणे सांगणारे फक्त दोन, आणि या दोघांचंही हृदय फळी नसलेल्या ठिकाणी बंद पडलं होतं. नियतीला विनोद कळतो म्हणायचं. त्यांतल्या एकाने झटका देणाऱ्या यंत्राचा आवाज आणि आसपासच्या हालचाली बऱ्यापैकी अचूक सांगितल्या. हे मी उडवून लावणार नाही. २०२३ साली आलेल्या पार्निया यांच्या दुसऱ्या अभ्यासात छाती दाबण्याचं काम चालू असताना काही रुग्णांच्या मेंदूत, अगदी पाऊण-एक तासापर्यंतसुद्धा, जागेपणाशी जुळणाऱ्या विद्युत्-लहरी मिळाल्या. या वेळी पडद्यावर दाखवलेलं चित्र मात्र एकालाही सांगता आलं नाही.

या सगळ्यातून काय कळतं? मरण हा एक क्षण नसून तो बराच काळ चालणारा व्यवहार आहे, एवढं निश्चित कळतं. मिशिगन विद्यापीठात जिमो बोर्जिगिन यांना २०१३ साली हृदय बंद पडलेल्या उंदरांच्या मेंदूत पहिल्या अर्ध्या मिनिटात गॅमा लहरींची उसळी दिसली होती. पुढे चार मरणासन्न रुग्णांपैकी दोघांत तसंच काहीसं आढळलं. म्हणजे आपण ज्याला ‘संपलं’ म्हणतो, त्यानंतरही मेंदू थोडा वेळ काम करतो, आणि क्वचित जोमाने करतो. पण यात मरणापलीकडची बातमी कुठेच नाही. हे सगळे साक्षीदार उंबरठ्यावरून मागे फिरलेले आहेत. ज्याचा मेंदू पुरता विझला, असा एकही त्यांच्यात नाही. पायासीने बोलणी करून ठेवलेले आप्त अजूनही बेपत्ताच आहेत.

शिवाय उंबरठ्यावर दिसणारं दृश्य देशागणिक बदलतं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हनसन यांनी १९८६ साली भारतातल्या अशा सोळा हकिकती प्रसिद्ध केल्या. आपल्याकडच्या माणसांना छतावरून स्वतःचं शरीर दिसत नव्हतं. त्यांना यमदूत धरून नेत होते, वहीत बघून हिशेब करणारा कोणी समोर बसलेला असे, आणि मग लक्षात येई की माणूस चुकीचा आणला, याच नावाचा दुसरा हवा होता. घ्या, तिथेही कचेरी आणि तिथेही नावाची गफलत! अनुभव एकच, संस्कृती फक्त त्याला वेश चढवते, असं श्रद्धावान म्हणतात. चालेल. पण हा वेश शिवला कोणी? त्या माणसाने जन्मभर ऐकलेल्या कथा-कीर्तनांनी, पाहिलेल्या चित्रांनी, म्हणजेच त्याच्या स्मृतीने. आणि वेश उतरवल्यावर आत जे राहतं, त्यात त्या माणसाचं म्हणावं असं काही उरतं का, हे कोणी विचारत नाही.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. ‘मृत्यूनंतर जाणीव टिकते का’ असं आपण विचारतो, तेव्हा दोन प्रश्न एकाच दावणीला बांधलेले असतात. एक, जाणीव नावाची काही गोष्ट मेंदूवाचून असू शकते का. दोन, मी टिकेन का, माझी आई मला पुन्हा भेटेल का. पहिल्या प्रश्नाने तत्त्वज्ञांची झोप उडते. दुसऱ्याने आपल्या सगळ्यांची. पुरावे गोळा होतात ते पहिल्याचे, आणि दिलासा मात्र दुसऱ्याचा घेतला जातो.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण आपल्याच नागपूरचं आहे. १९७४च्या सुमारास तिथल्या एका मराठीभाषक, अविवाहित प्राध्यापिकेच्या अंगी अधूनमधून ‘शारदा’ प्रकट होऊ लागली. शारदा फक्त बंगाली बोले. ती आली की मराठी, हिंदी, इंग्रजी यांतलं काही चालत नसे. आपण बंगालमधल्या ब्राह्मण घराण्यातली लग्न झालेली बाई, गरोदर असताना पायाच्या अंगठ्याला साप चावला, असं ती सांगे. तिच्या बोलण्यातला काळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा होता आणि आगगाडीसारख्या गोष्टी तिला ठाऊक नव्हत्या. एकदा आली की ती कधी कधी आठवडेच्या आठवडे मुक्काम करी. स्टीव्हनसन, पसरिचा आणि पुण्याचे मानसशास्त्रज्ञ अकोलकर यांनी या प्रकरणाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तिने सांगितलेल्या वडीलधाऱ्या पुरुषांची नावं बंगालमधल्या एका चट्टोपाध्याय घराण्याच्या वंशावळीशी बऱ्याच अंशी जुळली. शारदा स्वतः त्या वंशावळीत सापडली नाही. सापडणार कशी, वंशावळीत बायकांची नावं लिहीतच नसत. पुनर्जन्माच्या पुराव्यालाही पुरुषी वहिवाट आडवी यावी, याचं मला नवल वाटत नाही.

दुसरी बाजूही भक्कम आहे. या प्राध्यापिका तरुणपणी थोडं बंगाली वाचायला शिकल्या होत्या. घरात बंगालविषयी ओढ होती. आणि त्या पिढीचं मराठी मध्यमवर्गीय घर शरच्चंद्रांवर पोसलेलं होतं. मामा वरेरकरांच्या भाषांतरांनी बंगाली सासुरवाशिणी, त्यांचे उपास आणि त्यांचे शंख आपल्या माजघरात आणून बसवले होते. शारदेचं बोलणं काही बंगाली माणसांना अस्सल वाटलं, काहींना परक्याने शिकून बोलल्यासारखं. सारा थॉमसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तर न शिकताच बोलता येणाऱ्या भाषेच्या अशा दाव्यांवरच कडक टीका केली. मला स्वतःला वाटतं की एका हुशार, एकाकी, मन मारून जगलेल्या स्त्रीच्या आतून दुसरी एक स्त्री घडत गेली, आणि तिला लागणारं सामान तिच्या आयुष्यात जागोजाग पडलेलं होतं. वंशावळीतली नावं जुळण्याचं माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

पण वादासाठी सगळं मान्य करू. समजा, शारदा खरोखर होऊन गेलेली बाई होती आणि तिची जाणीव दीडशे वर्षं टिकून नागपुरात आली. आता सांगा, यात चिरंजीव कोण झालं? शारदा असते तेव्हा प्राध्यापिका नसते. प्राध्यापिका परतली की शारदेच्या दिवसांची तिला आठवण नसते. एकीची स्मृती दुसरीच्या कामाची नाही, एकीची माणसं दुसरीला परकी, भाषासुद्धा वेगळी. दोघींच्या मुळाशी एकच आत्मा आहे, असं म्हटल्याने या दोन बायकांपैकी कोणाचं काय भलं झालं? मी पूर्वजन्मी कोण होतो हे मला आज ठाऊक नाही, आणि त्या माणसाच्या दृष्टीने हेच त्याचं मरण आहे. पुढच्या जन्मीच्या माणसाला मी ठाऊक नसेन. त्याला माझं टिकणं म्हणायला जीभ रेटत नाही.

ही अडचण आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखली होती. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघताना मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन बायकांत वाटणी करायला बसतो. मैत्रेयीला धन नको, अमरत्वाचं ज्ञान हवं. तो तिला पाण्यात विरघळलेल्या मिठाच्या खड्याचं उदाहरण देतो आणि सांगून टाकतो की देह सोडल्यावर वेगळी अशी जाणीव उरत नाही. मैत्रेयी चक्रावते, तुम्ही मला गोंधळात टाकलंत असं त्याला तोंडावर सांगते. मग तो खुलासा करतो: जिथे दोन आहेत तिथे एक दुसऱ्याला बघतो, ऐकतो, ओळखतो; सगळंच एक झाल्यावर कोण कोणाला बघणार? अमरत्वाची सर्वांत मोठी ग्वाही देणाऱ्या ग्रंथात ही अट लिहिलेली आहे. जे टिकतं ते तू नव्हेस. आपण गीता-उपनिषदांचा हवाला देऊन दहाव्याला एकमेकांचं सांत्वन करतो, तेव्हा ही अट कोणी वाचून दाखवत नाही.

वारकरी संतांनी मात्र ती नीट वाचली असावी. मोक्ष नको, पुन्हा जन्म दे, असं विठ्ठलाशी भांडण मांडणाऱ्या तुकोबांच्या मागणीला भक्तीचा अतिरेक समजणं चूक आहे. मीठ पाण्यात मिसळलं की भेटीचं सुख कोण घेणार, हे त्यांना कळत होतं. त्यांना भेट हवी होती, आणि भेटीला दोघं लागतात.

दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे ‘मी टिकेन का’ यावर, मला सर्वांत निर्णायक वाटणारा पुरावा कुठल्या प्रयोगशाळेतला नाही. तो स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरात रोज दिसतो. आधी परवाचा दिवस जातो, मग नातवंडांची नावं, मग लेक समोर उभी असून ‘बाई, तुम्ही कोणाच्या?’ असा प्रश्न येतो. मेंदूचा जो भाग झिजतो त्याच्याबरोबर माणसाचा तो भाग जातो. विल्यम जेम्स यांनी १८९८ साली छापलेल्या अमरत्वावरच्या व्याख्यानात याला एक चतुर उत्तर दिलं होतं. मेंदू जाणीव निर्माण करतो असं कशावरून? लोलक प्रकाश निर्माण करत नाही, वाट देतो. तसं मेंदू फक्त वाट देत असेल, आणि वाट बुजली म्हणून उगम आटत नाही. तर्क बिनतोड आहे. पण तो आईला परत आणत नाही. लेकीची ओळख, आईचा स्वभाव, तिची पुरणपोळीची पद्धत, तिचे रुसवे हे सगळं ‘वाटेत’ साठलेलं असेल, तर वाट संपल्यावर पलीकडे उरलेल्या शुद्ध प्रकाशाला मी आई कशी म्हणू? आणि ती पूर्ण आई पलीकडे जपून ठेवलेली असेल, तर ती कुठल्या वयाची? चाळिशीतली, की शेवटच्या वर्षातली, मला न ओळखणारी?

आता पहिल्या प्रश्नाचं माप त्याच्या पदरात टाकायला हवं. मेंदूतल्या पेशींच्या हालचालींतून अनुभव का उमटतो, हे कोणालाही सांगता आलेलं नाही. क्रिस्टॉफ कॉख या मेंदूवैज्ञानिकाने १९९८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली होती, की पंचवीस वर्षांत मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत कॉख यांनी हार कबूल करून चामर्स यांना उंची वाइन दिली. भौतिकवाद्यांनी ही हार लपवू नये.

मात्र तिचा अर्थ फुगवूही नये. चार्वाकांचं म्हणणं होतं की किण्वापासून जशी मद्याची धुंदी, तसं चार भूतांच्या मेळातून चैतन्य उपजतं. किण्व कसं काम करतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाश्चरने त्यावर प्रकाश टाकला तो १८५७ साली. तोवर हजारो वर्षं माणसं दारू गाळत होती, आणि धान्यावाचून किंवा फळावाचून धुंदी हवेतून येते असं त्यांतल्या कोणी मानलं नव्हतं. कसं होतं ते ठाऊक नसणं वेगळं, कशावाचून होत नाही ते ठाऊक असणं वेगळं. जाणिवेच्या बाबतीत दुसरी गोष्ट आपल्याला बरीच पक्की ठाऊक आहे. १८४६ साली बॉस्टनमध्ये इथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली गेली, तेव्हापासून कोट्यवधी माणसं शस्त्रक्रियेच्या टेबलावर काही तास ‘नव्हती’. थोडं रसायन एवढं करू शकतं. मेंदूची राख झाल्यावर अधिक काही शाबूत राहील असं मानायला मला आधार सापडत नाही.

मग दहाव्याला कावळा शिवावा म्हणून ताटकळणाऱ्या माणसांना मी हसतो का? मुळीच नाही. कावळा शिवत नाही तेव्हा कोणीतरी पुढे होऊन हात जोडतो आणि ‘धाकटीचं लग्न मी करून देईन’ असं सगळ्यांदेखत कबूल करतो. गेलेल्याने ऐकलं की नाही याला महत्त्व नाही. ऐकायला गाव उभा असतो. रितीत एवढं शहाणपण असेल तर तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मरणानंतरच्या अनिश्चिततेवर दुकान थाटणाऱ्यांशी, मृतात्म्यांचे निरोप विकणाऱ्यांशी. आणि डोळे दान केले तर पुढच्या जन्मी आंधळा होईन, या समजुतीशीही. त्या समजुतीपायी दिसू शकणारी माणसं याच जन्मी आंधळी राहतात.

मरण बराच काळ चालतं, हे जर खरं असेल, तर लक्ष द्यायची जागा अलीकडे आहे. २०२० साली व्हँकूव्हरमधल्या संशोधकांना मरणाच्या दारातल्या, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूत आवाजांना प्रतिसाद आढळला. आपल्याकडे मात्र खाटेभोवती उभं राहून सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढवायचं याची चर्चा चालते. ती बाहेरच्या खोलीत करावी. मेंदूस्तंभ मृत झाल्याचं ठरवायला १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. त्यानंतर ‘जीव अजून आहे’ म्हणून अवयवदान अडवू नये. आणि यंत्रांवर आपल्याला किती काळ ठेवायचं, हे शुद्धीत असतानाच लिहून घरच्यांच्या हाती द्यावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा इच्छापत्राला मान्यता दिली आहे आणि २०२३ पासून त्यासाठी दंडाधिकाऱ्यासमोर जावं लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.